अठरा हजारांचा हिशेब

मागच्या महिन्यात आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये टॅरोचे डेक जमवणारी पंधरा-वीस माणसं एकत्र आली होती. कोणी कोकणे चौकातून चालत आलेलं, कोणी रहाटणी-वाकडहून, दोघी जणी चाकणची पहिली शिफ्ट संपवून तशाच थेट. टेबलांवर डेक मांडलेले, काही नुसते बघायला, काही विकायला. त्यांतल्या एका डेकवर अठरा हजारांची चिठ्ठी होती. एका मुलीनं विचारलं, "काका, एवढे कसे?" त्यावर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "आउट ऑफ प्रिंट आहे. दुर्मीळ वस्तूला ठरलेला भाव नसतो. घेणाऱ्याची तयारी हाच तिचा भाव."

आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्याचं मला अजून वाईट वाटतं आहे. म्हणून हे लिहिते आहे.

बावीस वर्षं मी चाकणच्या पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात काढली. बंद पडलेल्या मॉडेलचे सुटे भाग, जगात दोनच जण बनवतात असे सील, जर्मनीतली कंपनी बुडाल्यावर कुठे उरलेच असतील तर शोधायचे बेअरिंग, हे सगळं मी विकत घेतलेलं आहे. दुर्मीळ म्हणजे काय आणि अडलेल्या माणसाकडून किती उकळता येतं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. तिथेही व्हेंडर हेच म्हणायचे, "मॅडम, हा माल कुठेच मिळणार नाही." आमचं उत्तर ठरलेलं असे: मिळणार नाही हे मान्य, आता ब्रेकअप द्या. माल किती, मजुरी किती, वाहतूक किती, तुमचा नफा किती. ज्याला ब्रेकअप देता येत नसे त्याच्या आकड्याला आम्ही रेट म्हणत नव्हतो. तो त्याचा मागितलेला आकडा, एवढंच.

त्या काकांची पहिली चूक इथेच आहे. मी नंतर त्यांना विचारलं, अठरा हजार कुठून आले? त्यांनी फोनवर परदेशातल्या एका विक्रेत्याची जाहिरात दाखवली. तोच डेक, डॉलरमधला आकडा, त्याचे रुपये केले की अठरा हजार. मी म्हटलं, हा विकला गेला का? ते म्हणाले, नाही, अजून आहे. किती दिवस? आठ महिन्यांपासून ते बघत होते. आठ महिने ज्या आकड्याला जगभरातून एकही गिऱ्हाईक मिळालं नाही, तो आकडा भाव ठरत नाहीच. उलट त्यातून एवढंच सिद्ध होतं की भाव त्याच्या खाली आहे. कोटेशन वेगळं आणि पीओ, म्हणजे पक्की ऑर्डर, वेगळी, हे भोसरीच्या कुठल्याही वर्कशॉपमधला पोरगा सांगेल. भाव बघायचा तो झालेल्या व्यवहारांत. जिथे पैसे एका हातातून दुसऱ्या हातात गेले आणि डेक उलट्या दिशेनं गेला, तिथे.

शिवाय हे मागितलेले आकडे एकमेकांकडे बघून वाढतात. एकानं अठरा लावले की दुसरा वीस लावतो, तिसरा म्हणतो माझा तर सीलबंद आहे, पंचवीस. चौथा या तिघांची सरासरी काढून त्याला 'मार्केट रेट' म्हणतो. या सगळ्यात एकही डेक विकला गेलेला नसतो. चार विक्रेते एकमेकांच्या चिठ्ठ्या वाचत बसलेत, त्याला बाजार कसं म्हणायचं? जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी पुण्यात माणसं वस्तू हातात घेऊन उलटसुलट करतात, घासाघीस होते, दहा जण पुढे जातात आणि अकरावा घेतो. तिथे निदान भाव घडताना दिसतो.

आता 'आउट ऑफ प्रिंट' या शब्दांकडे येते, कारण सगळी जादू त्यांच्यात भरलेली आहे. छपाई बंद होणं आणि दुर्मीळ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किम क्रान्स या चित्रकर्तीनं 'वाइल्ड अननोन' हा डेक २०१२ मध्ये स्वतःच छापून काढला. प्रती संपल्या की माणसं वेडीपिशी होत. मग २०१६ मध्ये हार्परवननं तो मोठ्या प्रमाणावर काढला आणि ज्याला तो रोज वापरायला हवा होता त्याला जुन्या प्रतीच्या मागे धावण्याचं कारणच उरलं नाही. पहिली छपाई जपून ठेवणाऱ्या संग्राहकाला आजही ती हवी असेल, तो प्रश्न वेगळा. याच्या उलट 'ग्रीनवूड'. मार्क रायन आणि चेस्का पॉटर यांचा हा डेक १९९६ मध्ये आला, मग थांबला, आणि त्याच चित्रांनिशी परत आला नाही. २०११ मध्ये रायननी 'वाइल्डवूड' काढला तो दुसऱ्या चित्रकाराला, विल वर्दिंग्टन यांना घेऊन. म्हणजे ग्रीनवूडची चित्रं हवी असतील तर ग्रीनवूडच लागतो. दोन्ही डेक कधी ना कधी 'आउट ऑफ प्रिंट' होते. एकाची टंचाई चार वर्षांची होती, दुसऱ्याची कायमची. या दोघांना एकच विशेषण लावून एकाच पटीनं भाव वाढवणारा माणूस, मग तो कितीही प्रेमळपणे बोलत असो, माहिती लपवतो आहे किंवा त्याला ती नाही.

सगळ्यांच्या घरी असतो तो रायडर-वेट डेक घ्या. डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या विल्यम रायडर अँड सननं तो काढला. चित्रं पामेला कोलमन स्मिथची. आज तो कुठल्याही मॉलमध्ये मिळतो. पण त्याच्या सुरुवातीच्या छपायांमधले रेषांचे फरक इतके बारीक आहेत की संग्राहकांनी त्यांना पामेलाच्या नावावरून पॅम-ए, पॅम-बी, पॅम-सी, पॅम-डी अशी नावं दिली आहेत. खरी जुनी छपाई आणि १९७१ नंतर अमेरिकेत यू. एस. गेम्सनं काढलेल्या प्रती यांच्या भावात जमीन-अस्मानाचं अंतर असायलाच हवं. ते अंतर ओळखता येण्यासाठी विक्रेत्यानं पत्त्यांच्या मागची नक्षी, डबी, पुस्तिकेचं पहिलं पान यांचे स्पष्ट फोटो दिले पाहिजेत. 'विंटेज आहे' एवढं बोलून भागत नाही. विंटेज हा शब्द मी आता ऐकूनच घेत नाही. साल सांगा.

आणि पत्ते मोजा. अठ्ठ्याहत्तर: बावीस मोठे, छप्पन्न छोटे. माझ्या समोर एकदा एक बाई ७७ पत्त्यांचा डेक 'फक्त एकच कमी' म्हणून जवळजवळ पूर्ण भावात विकत होत्या. वापरायच्या डेकमध्ये एक पत्ता कमी म्हणजे अठ्ठ्याहत्तरावा भाग कमी असं होत नाही, आख्खा कॅट निकामी होतो. ज्या बाईला रविवारी कोणासाठी तरी पत्ते मांडायचे आहेत तिला त्या ७७ चा उपयोग नाही. तो डेक दुसऱ्या कोणाचा हरवलेला पत्ता भरून काढायला सुटा भाग म्हणून विकावा, सुट्या भागाच्या भावात.

इथे कोणी म्हणेल, मग व्हिस्कॉन्ती-स्फोर्झाचं काय? पंधराव्या शतकातल्या मिलानच्या त्या सोनेरी डेकचे आज ७४ पत्तेच उरलेत. सैतान नाही, मनोरा नाही, तलवारीची तिर्री नाही, नाण्यांचा घोडेस्वार नाही. उरलेल्यांतले ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत, २६ बेर्गामोच्या अकादेमिया कारारामध्ये आणि १३ कोलेओनी घराण्याकडे. चार पत्ते नाहीत म्हणून त्याची किंमत कमी झाली का? नाही झाली. कारण तो डेक कोणी पिसत नाही. त्यातला प्रत्येक पत्ता हा एक स्वतंत्र चित्र आहे आणि तो तसाच मोजला जातो. पण मग आपल्या विक्रेत्यांनी ठरवावं. डेक वापरायचा म्हणून विकताय की बघायचा म्हणून? वापरायचा असेल तर अठ्ठ्याहत्तर मोजून द्या. बघायचा असेल तर त्यात बघण्यासारखं काय आहे ते सांगा. २००८ साली हजारोंनी छापलेला डेक संग्रहालयाच्या तर्कानं विकता येणार नाही.

हिशेब कसा करायचा तो मी दाखवते, कारण 'हिशेब होतच नाही' हाच त्यांचा मुख्य दावा आहे. समजा, एखाद्या डेकचे झालेले पाच व्यवहार मला सापडले, सगळे घरपोच खर्चासकट: ५,८००, ६,२००, ६,५००, ७,००० आणि ११,०००. यातला शेवटचा सीलबंद होता, म्हणून तो बाजूला, कारण माझ्यासमोरचा उघडलेला आहे. उरलेल्या चारांचा मध्य ६,३५०. त्या चौघांसोबत पुस्तिका होती, याच्यासोबत नाही. जुन्या डेकची पुस्तिका हरवली की लेखकानं कुठल्या चित्रात काय योजलं होतं ते कळायचा मार्ग बंद होतो, म्हणून मी पंधरा टक्के कमी करते, म्हणजे साधारण ९५०. राहिले ५,४००. डबीचा कोपरा फाटलाय, तीनशे. ५,१००. कोणी पुस्तिकेला वीस टक्के म्हणेल, कोणी दहा, त्यावर आपण चहा पिता पिता वाद घालू, आणि तो चांगला वाद असेल. पण तो वाद ४,८०० आणि ५,५०० च्या मधला असेल. अठरा हजारांपर्यंत कुठल्याच वाटेनं जाता येत नाही. व्यवहार पाच नाहीत, दोनच सापडले, तर मी तसं लिहीन आणि भाव खालच्या बाजूला धरीन, कारण कमी माहितीची जोखीम विकणाऱ्यानं घ्यायला हवी. वस्तू त्याच्या हातात आहे.

यावर दुसरा एक मुद्दा त्या दिवशी निघाला आणि तो मला खरोखर विचार करण्यासारखा वाटला. एका तरुण मुलानं सांगितलं की तो मर्यादित छपाईच्या डेकच्या दोन-तीन प्रती आधीच पैसे भरून घेतो आणि जपून ठेवतो. पैसे अडकतात, घरात जागा जाते, ओल लागू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या लागतात. त्याचा मोबदला नको का? हवाच. आमच्याकडे याला कॅरिंग कॉस्ट म्हणतात आणि ती काढता येते. तीन हजारांचा डेक पाच वर्षं ठेवला, वर्षाला दहा टक्के व्याज धरलं, तेही चक्रवाढ, तर ४,८०० च्या आसपास येतात. वर त्याच्या चोखंदळपणाचे, खात्रीचे, शोधाशोधीचे हजार-दीड हजार मी आनंदानं देईन. ज्यानं खरोखर चार देशांत पत्र पाठवून एखादा डेक मिळवला त्याला तर मी आणखी देईन, कारण त्यानं काम केलेलं आहे. पण एखाद्यानं सहा प्रती उचलल्यामुळे ज्या पाच जणांना छापील भावात डेक मिळाला नाही, त्या पाच जणांची निराशा तो आपल्या नफ्यात धरत असेल, तर ती टंचाई त्यानेच तयार केली आहे. स्वतः अडवलेल्या पाण्याचा कर लावण्यासारखं आहे ते.

ऊर्जेचाही मुद्दा निघाला. "हा डेक एका मोठ्या रीडरकडे दहा वर्षं होता, त्यात तिची ऊर्जा आहे, म्हणून चार हजार जास्त." मी स्वतः रोज सकाळी एक पत्ता काढते. माझ्या श्रद्धेबद्दल मला कोणाची परवानगी नको आहे आणि दुसऱ्याच्या श्रद्धेची मी चेष्टा करणार नाही. पण ज्यांचा ऊर्जेवर विश्वास आहे, ते दुसऱ्याच्या हातातला डेक घरी आणल्यावर पहिलं काय करतात? तो शुद्ध करतात. धूप दाखवतात, पौर्णिमेला खिडकीत ठेवतात, पत्ते क्रमानं लावून पुन्हा पिसतात. आधीच्या माणसाचं जे काही त्यात असेल ते घालवून टाकण्यासाठी. मग जे मी घरी नेऊन काढूनच टाकणार त्याचे चार हजार मी का द्यावेत? आपल्याच श्रद्धेच्या आतून बघितलं तरी हा आकडा टिकत नाही.

राहिलं सगळ्यात जुनं उत्तर: "आम्ही कोणाला जबरदस्ती करत नाही."

आमच्या वन्संची गोष्ट सांगते. त्यांच्या यजमानांची हिंजवडीतली नोकरी गेली तेव्हा चार महिने त्या घरात कोणाशी धड बोलत नव्हत्या. कोणीतरी त्यांना टॅरो सुचवलं आणि सांगितलं की अमुक एक डेकच तुमच्यासाठी आहे, तो आता छापला जात नाही. त्यांनी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून तो अकरा हजारांना घेतला. अकरा हजार, ज्या महिन्यात मुलाच्या शाळेची फी थकलेली होती. माझ्याकडे घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खूप दिवसांनी जरा तजेला होता. मी डबी उघडली. पत्ते मूळ मापापेक्षा लहान, कागद पातळ, गडद रंगात बारीक रेषा बुजलेल्या. पुस्तिकेच्या जागी एका पत्त्यावर क्यूआर कोड छापलेला. नकली छपाई होती ती, काही शे रुपयांची. मला ते त्यांना सांगावं लागलं. त्यांनी पत्ते परत डबीत घातले, एक एक, क्रमानं, आणि म्हणाल्या, "असू दे वहिनी, चित्रं तीच आहेत ना?"

कोणी जबरदस्ती केली नव्हती, खरं आहे. पण गरजवंताला अक्कल नसते ही म्हण आपल्याकडे गरजवंताला हसण्यासाठी नाही आलेली. तिच्या दुसऱ्या बाजूला जो उभा असतो, ज्याला अक्कल असते, त्याची जबाबदारी किती मोठी आहे तेही त्या म्हणीत आहे. टॅरोकडे माणसं बहुतेक वेळा सुखात असताना येत नाहीत. नोकरी गेलेली, लग्न मोडलेलं, आईच्या अहवालात काहीतरी निघालेलं. अशा माणसाची 'तयारी' मोजून त्याला भाव म्हणायचं असेल, तर ज्या दिवशी तो सगळ्यात खचलेला असेल त्या दिवशी वस्तू सगळ्यात महाग. त्या काकांच्या वाक्याचा हा सरळ अर्थ आहे. त्यांनी तो असा मनात धरला नसेल, मला तसं वाटतही नाही. पण वाक्य तेच सांगतं.

आणि आता मला जे खरं बोलायचं आहे त्याकडे येते. त्याच बैठकीत, त्याच टेबलांच्या ओळीत, शेवटी सावंतवाडीच्या गंजिफाचा एक संच होता. दशावतारी, गोल, हातानं रंगवलेला, रंगीत डबीत. अठरा हजारांच्या छापील डेकसमोर कुणी आवाज चढवला नव्हता. या संचाचा भाव ऐकून मात्र तीन जण म्हणाले, "पत्त्यांना एवढे? कमी करा की."

मी तेव्हा तिथून उठून बाहेर गॅलरीत गेले.

दशावतारी गंजिफा म्हणजे १२० पत्ते. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा: एक्का ते दश्शी, वर वजीर आणि राजा. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का. दिवसा खेळायला बसलात तर ज्याच्या हाती राम तो सुरू करतो, रात्री बसलात तर कृष्णवाला. असा खेळ ज्यांनी रचला त्यांच्या डोक्याला काय म्हणावं! कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, घोटायचे, गोल कापायचे, रंगवायचे, वर लाखेचा हात. सावंतवाडीत हे चितारी घराण्यांचं काम. विसाव्या शतकाच्या मध्यावर ते जवळजवळ थांबलं होतं. ज्यांना येत होतं ते म्हातारे झाले होते आणि खेळणारे उरले नव्हते. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यातच कारागीर बसवले, पुंडलिक चितारींसारख्या जुन्या जाणत्याकडून स्वतः शिकून घेतलं, नव्या मुलामुलींना शिकवलं. मोती तलावासमोरच्या त्या राजवाड्यात दरबाराच्या दालनात आजही माणसं मांडी घालून पत्ते रंगवताना दिसतात. आता या गंजिफाला भौगोलिक मानांकनही आहे.

याचा ब्रेकअप काढू. एका पत्त्याला सरासरी अर्धा तास धरते. दुर्री-तिर्रीला कमी लागेल, राजा-वजिराला पुष्कळ जास्त. १२० पत्त्यांचे साठ तास. आठ तासांचा दिवस धरला तर साडेसात दिवस. कसबी हाताला दिवसाचे बाराशे रुपये जास्त नाहीत, आमच्या पट्ट्यातला चांगला वेल्डर त्याहून कमीत घरी येत नाही. झाले नऊ हजार. यात रंग नाही, लाख नाही, डबी नाही, वाळवण्याचे दिवस नाहीत, बिघडलेले पत्ते नाहीत, विक्रीचा खर्च नाही. हे गृहीतक माझं आहे आणि कोणाला ते दुरुस्त करायचं असेल तर जरूर करा. पण नऊ हजारांच्या मजुरीवर घासाघीस करणारा माणूस त्याच दुपारी यंत्रावर छापलेल्या, दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या डेकला अठरा हजार योग्य म्हणतो, तेव्हा त्याला दुर्मीळपणा कळला आहे असं मी मानत नाही. छापील डेक उद्या सकाळी प्रकाशकानं ठरवलं तर परत दहा हजार निघतील. चितारीचा हात असा ठरवून निघत नाही. एकेकाळी तो नाहीसा होता होता राहिला आहे.

दुर्मीळपणाच मोजायचा असेल तर तो इथे मोजा.

आणि कोणाला जातो हा पैसा, हेही विचारा. पामेला स्मिथनं ऐंशीच्या आसपास चित्रं काढली आणि तिला एकरकमी थोडे पैसे मिळाले. काम खूप आणि पैसे अगदी थोडे, असं तिनं स्वतःच १९०९ मध्ये छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झला पत्रात कळवलं होतं. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती वारली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. थॉथ डेकची चित्रं करणाऱ्या लेडी फ्रीडा हॅरिस आयुष्याच्या शेवटी हिंदुस्थानात आल्या आणि १९६२ मध्ये श्रीनगरला वारल्या. त्यांची चित्रं पत्त्यांच्या रूपात बाजारात आली ती १९६९ मध्ये. आपण ज्या जुन्या डेकसाठी आज हजारो मोजतो त्यातला एक पैसाही त्यांच्यापर्यंत पोचायचा प्रश्नच नाही. हयात चित्रकारांचीही तीच गत: फेरविक्रीच्या अठरा हजारांतलं चित्रकर्तीला काहीच नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३-अ मध्ये मूळ चित्राची फेरविक्री दहा हजारांच्या वर गेली तर चित्रकाराला जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत वाटा देण्याची तरतूद आहे. छापील डेकला ती लागू नाही. पण वाढलेल्या किमतीवर ज्यानं वस्तू घडवली त्याचाही हक्क असतो, हा विचार आपल्या कायद्यालाही परका नाही. तेव्हा फेरविक्रेता 'कलेचं मूल्य' म्हणून जास्तीचे पैसे मागतो तेव्हा त्यानं आधी सांगावं, कलावंताला त्यातलं काय देतो आहे.

एक मित्र, कट्टर विवेकवादी, हा मसुदा वाचून म्हणाले, "हे सगळं भविष्यवाल्यांचं आपसातलं भांडण आहे, पत्त्यांच्या कागदाला शंभर रुपयेही जास्त." त्यांना इतकंच सांगते की टॅरो जन्माला आला तो इटलीत पंधराव्या शतकात खेळ म्हणून. भविष्याशी त्याची गाठ पडली ती अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये. भविष्य बाजूला ठेवलं तरी चित्रं उरतातच. आणि फसवणूक कशाचीही असो, गिऱ्हाइकाच्या श्रद्धेमुळे ती कमी फसवणूक होत नाही.

पुढची बैठक येत्या रविवारी आहे, त्याच क्लबहाउसमध्ये, चार वाजता. मी हाइंडलचा डेक आणते आहे, ज्यात छड्यांच्या पत्त्यांत काली आणि कृष्ण आहेत. त्याच्या डबीवर चिठ्ठी चिकटवून झाली आहे: पत्ते ७८, दोनदा मोजले. पुस्तिका आहे, तिच्या शेवटच्या पानावर चहाचा डाग. मनोऱ्याच्या पत्त्याचा डावा कोपरा दुमडलेला. गेल्या वर्षभरात सापडलेले झालेले व्यवहार तीन, आकडे मागच्या बाजूला. त्यांचा मध्य, त्यातून डागाचे आणि कोपऱ्याचे वजा. खाली भाव. काकांनाही फोन केला आहे, त्यांचा अठरा हजारांचा डेक घेऊन या म्हणून. टेबल शेजारचंच ठेवलं आहे.